पोच घेतल्याशिवाय उठू नका : धर्मग्रामात हक्कांचं मदत टेबल कसं चालवावं

रविवारची दुसरी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की चर्चच्या आवारात अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात. तेवढ्यात कुणीतरी कडेनं येऊन फादरपाशी, सिस्टरपाशी नाहीतर गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या माणसापाशी उभं राहतं. मालकानं तीन महिन्यांचा पगार दिलेला नाही. पोराला काल रात्री पोलिसांनी नेलंय आणि कुठं ठेवलंय ते कळत नाही. वीटभट्टीवरचं कुटुंब गावी जायचं म्हणतंय, पण शेठ सोडत नाही. यावर बहुतेक ठिकाणी 'प्रार्थना करू' म्हणतात, नाहीतर दहा किलो तांदूळ देतात. त्यात वाईट काही नाही. पण पगार अडलेल्याला नुसते तांदूळ दिले तर मालकाची थकबाकी चर्चनं फेडल्यासारखं होतं. म्हणून धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समुदायात, एक मदत टेबल हवं : तिथं बसून तक्रार ऐकायची, नोंदवायची आणि अर्ज करायला मदत करायची.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या) कार्याविषयी जो आदेश काढला, त्याच्या आठव्या परिच्छेदात हेच बजावलं आहे : न्यायानं जे माणसाचं आहे, ते दान म्हणून देऊ नये. म्हणून टेबलावर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा, या प्रकरणात कुणी काही देणं लागतं का? लागत असेल तर तो हक्काचा मामला. त्याची नोंद होईल, अर्ज जाईल. तांदूळ लागलेच तर तेही द्या, पण वेगळ्या वहीतून.

मांडणी

टेबल फादरांच्या ऑफिसात नको. तिथं लग्नाचे, बाप्तिस्म्याचे दाखले घ्यायला लोक येत-जात असतात, आणि ख्रिस्ती नसलेला माणूस त्या दारातून आत यायला कचरतो. शाळेचा एखादा वर्ग किंवा हॉलचा व्हरांडा चालेल. बोलणं ऐकू जाणार नाही आणि दोघं बसलेली मात्र सगळ्यांना दिसतील, अशी जागा हवी. रविवारी दोन तास लोकांसाठी ठेवा. आठवड्यातला एक कामाचा दिवस कुणाला तरी मोकळा हवाच, कारण तहसील आणि पोलीस ठाण्यातली कामं रविवारी होत नाहीत.

पाच-सहा माणसं पुरतात. निवृत्त तलाठी, ग्रामसेवक किंवा बँकेतला कारकून मिळाला तर सोनं. सरकारी कागद कुठं अडतो हे त्याला अंगवळणी असतं. दर पाळीला एक तरी बाई हवी. तालुक्यात वारली-कातकरी वस्ती असेल तर त्यांची बोली येणारं कुणी तरी हवंच. वकील रोज नसला तरी फोनवर असावा. सामान एवढंच : दोनशे पानी नोंदवही, कोऱ्या कागदांचं रीम, शाईचा पॅड, स्टेपलर, दहा रुपयांचे वीसेक कोर्ट फी स्टॅम्प आणि कुलूप लागणारं कपाट.

टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. परिषदेच्याच 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाच्या २७ व्या परिच्छेदात माणसाच्या प्रतिष्ठेवरच्या घावांची यादी आहे : खून, छळ, माणसाला न शोभणारं राहणीमान, मनमानी तुरुंगवास, हद्दपारी, गुलामगिरी, स्त्रिया आणि मुलांची विक्री, कामगाराला नफ्याचं निव्वळ हत्यार समजणाऱ्या कामाच्या अटी. नोंदवहीतला 'प्रकार' हा रकाना याच यादीवरून भरता येतो. तिच्यात धर्माचा रकाना नाही, तुमच्या वहीतही नको. टेबलावर प्रार्थनेची कार्डं ठेवू नका, कुणाला मिस्सेला बोलावू नका. 'मदतीच्या नावाखाली धर्मांतर' हा आरोप कधी ना कधी होणार, आणि एका कार्डावरून अख्खं प्रकरण भलतीकडे जाऊ शकतं. शिवाय आमिष दाखवून विश्वास मागणं ख्रिस्तसभेच्या शिकवणीतही बसत नाही.

नोंद घेताना

आधी ऐका, मग लिहा. पहिली दहा मिनिटं पेन खाली. सुरुवातीलाच लिहायला घेतलं की समोरचा माणूस बोलायचं सोडून तुमच्या कागदाकडे बघत बसतो. नंतर त्याच्याच शब्दांत लिहा. 'मारहाण केली' हे टाचण झालं, नोंद नव्हे. कशानं मारलं, किती वेळा, अंगावर कुठं, किती वाजता, कोण बघत होतं, दवाखान्यात कधी नेलं, केसपेपर आहे का? स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. दोन परिच्छेद करा. तारीख आठवत नसेल तर सणांवरून काढा. होळीच्या आधी की नंतर? त्या दिवशी बाजार होता का? अशा प्रश्नांनी चार-पाच दिवसांच्या फरकात तारीख सापडते. तेवढंच लिहा, 'सुमारास' हा शब्द घालून. ओढूनताणून नेमकी तारीख घातली तर पुढं उलटतपासणीत तीच अंगाशी येते.

लिहून झालं की वाचून दाखवा, दुरुस्त्या करा, मग सही. अंगठा असेल तर शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या आणि 'वाचून दाखवले, बरोबर आहे' हे वाक्य. आधार, शिधापत्रिका, बँकेचं पासबुक यांचे फोटो घ्या आणि मूळ कागद त्याच क्षणी परत करा. मूळ कागद 'सांभाळून' ठेवण्याचा मोह फार होतो, आणि बरोब्बर तोच कागद हरवतो. फाइलवर नाव नको, क्रमांक घाला. नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात.

उठण्याआधी एक प्रश्न राहतो : हा अर्ज दिला, तर उद्या तुमच्या दाराशी कोण येईल? मालकाच्याच चाळीत राहणाऱ्या बाईचा अर्ज तिची झोपायची सोय न करता पाठवला, तर त्याच रात्री ती बेघर होऊ शकते. अर्ज द्यायचा की नाही आणि कधी द्यायचा, हे तिनं ठरवायचं. तुमच्या उत्साहानं नव्हे.

वीटभट्टीचा हिशेब

पालघर, ठाणे, रायगडच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हा प्रकार माहीत असायलाच हवा. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा उचल घेतली जाते, दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. हिशेबाची वही मालकाकडे. त्यामुळे टेबलावर बसून तुम्हीच हिशेब मांडायचा.

समजा, उचल २०,०००. दर हजारी ८००. नवरा-बायको मिळून दिवसाला हजार विटा पाडतात, आठवड्याला सहा दिवस, २५ आठवडे. म्हणजे दीड लाख विटा, मजुरी १,२०,०००. त्यातून उचल २०,००० आणि आठवड्याला हजाराप्रमाणे खर्ची २५,००० वजा केली तरी ७५,००० हातात पडायला हवेत. मालक म्हणतो, भिजलेल्या मालाचे कापले, आता तुझ्याच अंगावर पाच हजार निघतात, पुढच्या वर्षी ये. हे आकडे आपण उदाहरणासाठी घेतले. तुमच्यासमोर बसलेल्याचे आकडे त्याच्याकडूनच काढा. दिवसाला किती 'फळ्या' असं विचारलं तर उत्तर पटकन येतं, कारण विटा फळ्यांवरच मोजल्या जातात. एका फळीत किती, ते मात्र त्याच भट्टीवरचं विचारा.

मग तीन प्रश्न. मध्येच काम सोडून जाता येतं का? दुसऱ्याकडे कामाला जाता येतं का? आधार कार्ड किंवा मोबाइल कुणाकडे आहे? उचलीपायी यांतलं काहीही अडलं असेल, तर तो नुसता मजुरीचा वाद राहत नाही, ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज जागीच संपतं. 'आधी उचल फेड' हे बोलणंच बेकायदा. सुप्रीम कोर्टानं तर १९८२ मध्येच सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे संविधानाच्या २३ व्या कलमातलं सक्तीचं काम होय.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रांतांना, दोघांनाही. मागणी ठळक लिहा : तात्काळ चौकशी, सुटका आणि मुक्ततेचा दाखला. गाडी खरी इथंच अडते. अधिकारी कुटुंबाला गाडीत बसवून गावी पोचवतात, 'सुटका झाली' म्हणतात, आणि दाखला राहून जातो. दाखल्याशिवाय केंद्राच्या पुनर्वसन योजनेतली तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदतही मिळत नाही. पुढची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया-मुलांना २ लाख, लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणात ३ लाख अशी आहे, पण ती खटल्याच्या निकालाला बांधलेली असल्यानं रेंगाळते. म्हणून गाडी हलायच्या आधी दाखल्याचं विचारा. आणि भट्टीवर तुम्ही स्वतः 'सोडवायला' जाऊ नका. दगडफेक होते, मजुरांना रातोरात दुसरीकडे हलवतात, आणि चोरीचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

मजुरी दाबून ठेवण्याबद्दल शास्त्रात फार मोघम काही नाही. अनुवाद २४:१५ म्हणतं, सूर्य मावळायच्या आत मजुरी दे. याकोबाच्या पत्रात (५:४) दाबलेली मजुरीच ओरडते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात हे 'स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या' पापांपैकी एक गणलं आहे. भट्टीचा मालक आपल्याच धर्मग्रामातला, फेस्ताला (चर्चच्या सणाला) मोठी देणगी देणारा निघाला, तर ही वचनं उपयोगी पडतात. तसं होतं, म्हणून आधीच ठरवून ठेवा की देणगीदाराच्या विरुद्धची नोंदही त्याच वहीत, त्याच क्रमानं होईल.

अर्ज आणि पोच

अर्ज पीडित माणसाच्या नावानं, त्याच्या सहीनं. धर्मग्रामाच्या लेटरहेडवर नको. हक्क त्याचा आहे. लेटरहेड लावलं की साहेब फादरांना फोन करतात आणि प्रकरण चहावर मिटतं. एक पान, एक विषय, एक मागणी. कायद्याची कलमं माहीत नसतील तर घालू नका, घटना नीट लिहा.

तीन प्रती काढा. एक कार्यालयाला, एक माणसाला, एक फाइलला. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही, ही झाली पोच. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' या वाक्यावर उठायचं नाही. अगदीच घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा आणि पावती त्याच दिवशी प्रतीला स्टेपल करा. टपालाच्या पावतीची शाई वर्षभरात उडते, तिचा फोटोही काढा.

तीस दिवसांत हालचाल नाही? माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. लांबलचक का-कशासाठी विचारू नका. 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची आणि टिपणीची प्रत द्यावी' एवढंच लिहा. उत्तर तीस दिवसांत. जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात असेल तर ४८ तासांत. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. पुष्कळदा उत्तर येण्याआधी कामच होतं.

पोलीस ठाणं

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात 'प्राथमिक चौकशी चालू आहे' असं सांगतील; तिला वरिष्ठांची परवानगी लागते आणि मुदत १४ दिवसांची आहे. दाखल करायलाच नकार दिला तर लेखी खबर टपालानं पोलीस अधीक्षकांना, वसई-विरारसारख्या आयुक्तालयात उपायुक्तांना, आणि तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची पोच लागते.

जातीच्या अत्याचाराच्या प्रकरणात एक खाच आहे आणि ख्रिस्ती टेबलाला ती चुकवून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. त्यामुळे ॲट्रॉसिटीचा कायदा दलित ख्रिस्ती माणसाला लागत नाही, शिवी तीच असली तरी. आदिवासींचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती वारली किंवा ख्रिस्ती कातकरी माणसाला हा कायदा पूर्ण लागतो. ठाण्यात 'तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला ॲट्रॉसिटी नाही' असं सरसकट सांगितलं जातं, तेव्हा जमातीचा दाखला पुढं करा. दलित ख्रिस्ती असेल तर खोटी आशा लावू नका. मारहाण, धमकी, घरात घुसणं याची साधी कलमं लावून घ्या.

वकील परवडत नाही म्हणून कुणी मागं हटायला नको. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, वेठबिगार आणि कोठडीतली माणसं यांना तालुका-जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट, मराठीतून, पण घटनेपासून वर्षाच्या आत. राज्य आयोगाकडे गेलात तर तीच तक्रार राष्ट्रीय आयोगाकडे पाठवू नका.

कोठडीतला माणूस

अटक झाल्याचं कळलं की घड्याळ बघा आणि वेळ लिहा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं सांगितली पाहिजेत, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. घरच्यांकडून त्याच्या आजारांची आणि औषधांची यादी, जुने केसपेपर, चष्म्याचा नंबर, कवळी, ऐकण्याचं यंत्र असं सगळं पहिल्याच दिवशी गोळा करा आणि पहिल्याच हजेरीला वकिलामार्फत लेखी अर्जानं न्यायालयापुढे ठेवा.

हे एवढं बारीक का, ते फादर स्टॅन स्वामींच्या बाबतीत साऱ्या देशानं पाहिलं. झारखंडमधल्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि त्यांच्या कच्च्या कैद्यांसाठी झटणाऱ्या या जेझुइट धर्मगुरूला ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळ अटक झाली आणि तळोजा तुरुंगात ठेवलं गेलं. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. पाणी प्यायला नळी आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि त्यावर तारीख पडली. जामीन न मिळताच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात ते वारले. कोठडीत 'छोटी गोष्ट' नसते. पेलासुद्धा यादीत लिहा.

मूल असेल तर

इथं वही, ऐकणं, अर्ज हा सगळा क्रम बाजूला. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. मुलाला खोदून खोदून विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं. चार वेळा सांगायला लावलं की जबाब बदलतो आणि बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर फोन करा, वेळ लिहा, सोबत थांबा.

आरोपी धर्मगुरू, शिक्षक, गायनवृंदाचा मास्तर असला तरी हेच. 'आधी बिशपांना कळवू, अंतर्गत चौकशी होऊ दे' असं म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या नियमांतही देशाचा कायदा पाळायची जबाबदारी तशीच ठेवलेली आहे. बिशपांना कळवाच, पण पोलिसांना कळवून. धर्मगुरूपुढे केलेल्या पापांच्या कबुलीची गुप्तता ही प्रायश्चित्त संस्कारापुरती, धर्मगुरूपुरती. मदत टेबलावर बसलेल्या कुणालाही तिचा आडोसा घेता येणार नाही.

तडजोड, फोटो, पैसा

मजुरीत तडजोड होऊ शकते. लेखी, बँकेतून, आणि माणसाला घरी जाऊन विचार करायला एक दिवस देऊन. बायकोला मारणाऱ्याशी 'समेट' घडवायला बसू नका. समोर नवरा बसलेला असताना बाई खरं सांगत नाही. मदत मिळालेल्यांचे फोटो वॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, चेहरा झाकूनही नाही. गावात पदरावरून माणूस ओळखतात. काम झाल्यावर कुणी आनंदानं पाचशेची नोट पुढं केली तर नाही म्हणा. देणगीच्या पेटीत टाका असंही सुचवू नका.

हरलेली प्रकरणं

वर्षाअखेरीस वही उघडली की निम्म्याहून अधिक नोंदींपुढे 'निकाल नाही' किंवा 'फेटाळला' दिसेल. माणसं टेबल सोडतात ती इथंच. चिलीतलं एक काम या वेळी आठवावं. लष्करी राजवटीत सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६ मध्ये कॅथीड्रलला लागूनच एक कार्यालय उघडलं, 'ऐक्यभावाचं विकारिएट', म्हणजे छळ झालेल्यांच्या मदतीसाठीचा चर्चचा विभाग. पकडून नेलेल्यांसाठी तिथले वकील न्यायालयात हजारो अर्ज करत होते. जवळपास सगळे फेटाळले गेले. तरी प्रत्येक अर्जाची प्रत, प्रत्येक आईचा जबाब, तारीख घालून कपाटात गेला. राजवट गेल्यावर १९९० मध्ये सत्यशोधन आयोग बसला, तेव्हा बेपत्ता झालेल्यांबद्दलचा मोठा पुरावा याच कपाटांतून निघाला. २००३ मध्ये तो संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला.

आपल्याकडे कपाटाचा पहिला शत्रू पाऊस. जूनच्या आधी फाइली खालच्या कप्प्यातून वर घ्या, भिंतीपासून कपाट वीतभर सरकवा. प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात कागद घामेजतो आणि फोटोकॉपी एकमेकींना चिकटतात; जाड कागदी फोल्डर बरा. सुट्या टाचण्या गंजतात, दोऱ्यानं बांधा. सगळ्याचे फोटो काढून एक पेनड्राइव्ह दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आणि 'फेटाळला' अशी नोंद करताना आदेशाची तारीख, क्रमांक आणि अपिलाची शेवटची तारीख त्याच ओळीत, लाल शाईनं.